मी काढलेला सरकारी नियम

सरकारने कधीच न काढलेला एक नियम मी काढला आणि तो माझ्या बाबांना लागू केला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या ड्रायव्हिंग लायसनचं आता नूतनीकरण होत नाही, असा तो नियम. मसुदा मीच केला, मंजूर मीच केला आणि जाहीरही मीच केला. आमच्या ओसरीवर, सकाळी साडेसात वाजता, पायात मोजे घालता घालता.

खरा नियम काय आहे ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या खोटेपणाचं माप नीट लागेल. लायसनला वरच्या वयाची अटच नाही. पंचावन्न वर्षांनंतर ते एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतं, एवढंच. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो की डोळे, कान, हातपाय ठीक आहेत. मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा परीक्षा नाही. वर्ष उलटलं की मात्र सगळं पहिल्यापासून. शिकाऊ लायसन काढा, प्रश्नांची उत्तरं द्या, साहेबासमोर गाडी चालवून दाखवा. हे मला तोंडपाठ होतं. मी बुलढाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि रस्ता सुरक्षेच्या आठवड्यात आठवीच्या मुलांपुढे हेच सगळं घडाघडा बोलतो. म्हणजे अज्ञानाची सवलतही मला नाही.

आमचं गाव घाटाखाली, मोताळ्याच्या बाजूला. मी रोज राजूर घाट चढून शाळेत जातो आणि संध्याकाळी उतरून येतो. घरी बाबा, मी आणि बायको. आई जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नागपूरला शिकते. बाबा जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होते. पंचक्रोशीतली माणसं त्यांना डॉक्टर म्हणतात आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करतात, "डॉक्टर नाई भाऊ, पर्यवेक्षक." माणसं म्हणतात, "हाव डॉक्टर." हे तीस वर्षं चाललं आहे. निवृत्तीनंतरही कुणाची गाय अडली, कुणाची म्हैस चरेना झाली की फोन बाबांना येतो. ते औषध देत नाहीत, कारण आता तो अधिकार त्यांना नाही. पण सरकारी डॉक्टर पोहोचेपर्यंत गोठ्यात उभे राहतात, हात लावून सांगतात, मालकाला धीर देतात. त्यासाठी ते फिकट निळी स्कूटर काढत. तिरपी करून दोन किका, तिसरीला चालू. वेग तीसच्या वर नाही. प्रत्येक वळणावर हॉर्न, समोर कुणी असो नसो. पाठ इतकी सरळ की मागून पाहिलं तर वाटावं, खुर्चीच रस्त्याने चालली आहे.

बाबांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचाच मी फायदा घेतला. नियम हा शब्द त्यांच्या तोंडी फार आदराने येतो. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. बाबा मात्र शाळेत सगळ्यांच्या ओळीत बसले, शिकले, नोकरीला लागले, आणि यातलं काहीही कुणाच्या मेहेरबानीने झालेलं नाही, लिहिलेल्या कायद्याने झालं, असं ते मानतात. त्यामुळे आमच्या घरात कायद्याशी हुज्जत घालायची पद्धत नाही. दुचाकीवर हेल्मेट लागतं म्हटल्यावर आख्ख्या गावात पहिलं हेल्मेट आमच्याकडे आलं. ते घालून बाबा दळण आणायला गेले तेव्हा गिरणीवाल्याने विचारलं होतं, "डॉक्टर, चंद्रावर जाऊन राह्यले का?"

तर झालं असं. पोळ्याच्या आठवड्यात बाबा स्कूटरवरून पडले. समोर शेळ्यांचा कळप आला, ब्रेक दाबला, गाडी ओल्या मातीत घसरली. गुडघा सोलला, बाकी काही नाही. पण ही बातमी मला शाळेत तीन जणांकडून आली. पहिला म्हणाला पडले, दुसरा म्हणाला लागलंय, तिसरा म्हणाला, "सर, तुम्ही आधी निघा." घाट उतरताना मी बाबांसारखा प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत आलो. घरी पोहोचलो तर बाबा गुडघ्याला हळद लावून बायकोला शेळ्यांच्या जातीबद्दल माहिती देत होते.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. बाबा, आता गाडी नका चालवू, मला भीती वाटते, एवढं वाक्य. पण मला माहीत होतं, यावर ते भांडतील. आमचं भांडण झालं की ते दोन दिवस जेवताना फक्त भाजीशी बोलतात. मला ते सोसत नाही, कधीच सोसलं नाही.

लायसनची मुदत दिवाळीनंतर संपत होती. बाबांनी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केली होती आणि मला आठवण दिली होती.

"ते मोबाईलवर भराचं असते ना बे? भरून टाक. डॉक्टरचा दाखला मी आणतो."

"भरतो बाबा."

मग मी पंधरा दिवस भरत राहिलो. कधी साइट चालत नव्हती, कधी ओटीपी येत नव्हता. खरं तर मी साइट उघडलीच नव्हती. आणि मग ती सकाळ आली. मी मोजे घालत होतो, बाबा पेपर वाचत होते. त्यांनी वर न पाहता विचारलं, "भरलं का रे?"

मी म्हणालो, "बाबा, ते आता होत नाही. नवीन नियम आलाय. पंचाहत्तरीनंतर नूतनीकरण बंद."

पेपर खाली आला. मी तयारीत होतो. ते म्हणतील कोण म्हणते, मी म्हणेन सरकार म्हणते, ते म्हणतील सरकारले काय कळते, असा सगळा संवाद मी मनात मांडून ठेवला होता.

"जीआर निघाला का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"असं." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "मंग ठीक हाय. काही विचार करूनच काढला असन."

एवढंच. मी शाळेतून परत आलो तेव्हा स्कूटर धुवून, पुसून, गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली लावलेली होती. चाकं कोरडी राहावीत म्हणून त्यांच्याखाली पाट सरकवले होते. मी ते पाहिलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लपवत नाही. त्या संध्याकाळी मला खरंच हलकं वाटलं. बायकोला सगळं सांगितलंही, थोडं कौतुकाच्या अपेक्षेने.

ती देऊळघाटची. तिच्या माहेरी कुणी कुणाला तोंडावर बोलायला घाबरत नाही. तिने पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही मामाजीले खोटं सांगतलं?"

"त्यांच्या भल्यासाठी."

"आन् हे सरकार तुम्हाले कुठी भेटलं म्हनता? मोज्यात?"

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात सरकार राहायला आलं. भाजी खारट झाली की ती म्हणे, "नवीन नियम हाय." मी मोबाईल घेऊन बसलो की विचारी, "आज कोनता जीआर काढून राह्यले?" बाबा समोर असले तर मी ठसकत असे आणि बाबा मला पाणी देत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण बाबा नियम स्वतःजवळ ठेवणारा माणूस नाही. आमच्या गावच्या बसथांब्याच्या शेडमध्ये संध्याकाळी म्हातारी मंडळी बसतात. सगळ्या घरांची, सगळ्या आळ्यांची. तिथे पेपर बाबा वाचतात आणि कुठली योजना कुणाला लागू, कुठला कागद कुठे द्यायचा, हेही बाबाच सांगतात. त्यांनी सांगितलं म्हणजे ते पक्कं. तलाठी काय म्हणतो हे लोक नंतर विचारतात. तिसऱ्याच दिवशी बाबांनी तिथे माझा नियम वाचून दाखवावा तसा सांगितला.

त्याचा फटका आबांना बसला. आबा म्हणजे आमच्या शेजारचे शेतकरी, बाबांचे शाळासोबती, वयाने दोन वर्षं मोठे. त्यांचं शेत गावापासून चार किलोमीटरवर. त्यांच्याकडे एक मोपेड होती. तिच्यावर बसून ते सकाळी शेतात जात आणि दुपारी चाऱ्याचा भारा घेऊन येत, तेव्हा मोपेड दिसत नसे, फक्त हिरवा भारा आवाज करत यायचा. त्यांचं लायसन अजून दोन वर्षं चालणार होतं. पण बाबांनी त्यांना समजावलं, की नियमामागचा हेतू लक्षात घ्यायला हवा. आबांनी हेतू लक्षात घेतला. दिवाळीला लोणारहून जावई आला, त्याला त्यांनी मोपेड देऊन टाकली. टॉवेल, टोपी, नारळ आणि मोपेड.

हे मला कळलं तेव्हा मी जेवत होतो. घास तसाच राहिला.

"दिली?" मी विचारलं. "कायमची?"

"जावयाले दिलेलं कायमचंच असते," बाबा म्हणाले. "चांगलं केलं त्यानं. शेवटी नियम सगळ्याईले सारखा."

बायको पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली. माठापाशी ती हसत होती की चिडली होती ते मला पाठीवरून कळलं नाही.

वर्ष असं गेलं. बाबांनी कधी तक्रार केली नाही, हेच अवघड होतं. सुरुवातीला फोन येत तेव्हा ते मला विचारत, "संध्याकाळी सोडून देशीन का?" मी सोडत असे. पण गाय काही माझी शाळा सुटायची वाट पाहत नाही. एकदा ते काळीपिवळी जीपची वाट पाहत फाट्यावर दीड तास उभे राहिले आणि पोहोचले तेव्हा वासरू उभं राहून दूध पीत होतं. मालक म्हणाला, "डॉक्टर, कायले तरास घेतला? आता आमी फोन नाई करत जाऊ." तो बिचारा आदराने म्हणाला. फोन खरंच कमी झाले. पावसाळ्यात तर बाबा दुपारीही मोबाईल हातात घेऊन बसत, आवाज बंद तर झाला नाही ना ते पाहत. एके दिवशी त्यांनी मला माझ्याच फोनवरून त्यांना फोन करायला लावला. वाजला. "बरोबर हाय," म्हणाले आणि ठेवून दिला.

रविवारी आम्ही विहारात जातो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आपोआप खाली जायचा. शेजारी बाबा खणखणीत म्हणत असत. त्यांच्या आवाजाने दोघांचं भागेल असं मला वाटे की काय, कोण जाणे.

मी सांगणार होतो. दर महिन्याला सांगणार होतो. होळीनंतर सांगू, परीक्षा संपल्यावर सांगू, उन्हाळ्यात नको, पावसात रस्ते निसरडे. आणि मनातल्या मनात मी दिवस मोजत होतो, कारण वर्ष उलटलं की बाबांना सत्त्याहत्तराव्या वर्षी शिकाऊ लायसनची पाटी लावून साहेबासमोर स्कूटर फिरवून दाखवावी लागणार होती. ती वेळ आली तर ते नकोच म्हणतील आणि माझा नियम आपोआप खरा होईल. खरं सांगायचं तर माझ्यातल्या एका भित्र्या कोपऱ्याला तेच हवं होतं.

पुढच्या दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. वर्ष भरायला बारा दिवस उरले होते. त्या आठवड्यात आबा मोताळ्याच्या बाजाराला गेले, एसटीने, आणि परतले ते थेट बसथांब्याच्या शेडमध्ये उतरले. मी तेव्हा पलीकडच्या दुकानात साखर घेत होतो, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"डॉक्टर, तुह्या नियमाले वय किती?" आबा पिशवी खाली न ठेवताच म्हणाले.

"पंचाहत्तर. काऊन?"

"मंग माह्या मावसभावाले काऊन भेटलं लायसन? एक्क्याऐंशीचा हाय तो. बाजारात गाडी घेऊन आला. मले कार्ड दाखवलं, मी दुकानदाराकून वाचून घेतलं. दोन महिन्यापहिले काढलं त्यानं!"

"जुनं असन."

"जुनं नाई बे, नवं कोरं! चकाकून राह्यलं! मी इथं पायी मरून राह्यलो, भारा डोक्यावर आणून राह्यलो आन् तो म्हातारा शिट्टी मारत गेला मले सोडून!"

शेडमधले सगळे बाबांकडे पाहू लागले. निवृत्त पोस्टमन होते, आणखी तिघे होते. बाबांनी पेपरची घडी घातली.

"माह्या पोरानं सांगतलं ते," ते म्हणाले. "मास्तर हाय तो. त्याले खोटं बोलून काय भेटनार?"

"मंग कागद दाखव."

"दाखवतो. त्याच्याजवळ असन कागद."

मी साखर घेऊन मागच्या गल्लीने घरी गेलो.

बाबा माझ्यामागून दहा मिनिटांनी आले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल शंकेचा लवलेश नव्हता. ते फक्त घाईत होते.

"तो जीआर काढून दे मले. प्रिंट काढून. आबाचा गैरसमज झाला, त्याले दाखवाचा हाय."

मी म्हणालो, "शोधतो."

दोन दिवस मी शोधत होतो. म्हणजे नेमकं काय करत होतो हे सांगायला लाज वाटते. मी मोबाईल घेऊन बसलो आणि विचार केला, की तो नियम मागे घेतला गेला असं सांगावं का? मधल्या काळात बदलला, आता पुन्हा पहिल्यासारखं, असं? म्हणजे बाबांचंही बरोबर, आबांचंही बरोबर आणि माझंही. वाक्य जुळवून झालं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. बायको समोर मेथी निवडत होती. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं तरी ती म्हणाली, "दुसरा जीआर काढशान त मी आज माहेरी जाईन."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा माझ्यापाशी येऊन बसले.

"कागद नाई सापडत ना?" ते म्हणाले. "राहू दे. मी विचार केला. तू दुसरं काही सांगतलं असशीन, माह्या समजण्यात चूक झाली. वय झालं आता. मी उद्या शेडमधे सगळ्याईची माफी मांगून घेतो. आबाचं लय नुकसान झालं माह्यापाई."

ते उठायला लागले. मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. लहानपणी बाजारात धरत असे तशी. आणि सांगितलं.

मी कसं सांगितलं तेही सांगतो, कारण ते चांगलं नव्हतं. मी शेळ्यांपासून सुरुवात केली. घाट मी कसा उतरलो ते सांगितलं. आईची आठवण काढली. मग डोळे, रस्ते, ट्रक, हल्लीची पोरं कशी गाड्या चालवतात. नियम खोटा होता हे वाक्य शेवटी कुठेतरी आलं, काळजीच्या ढिगाखाली दबलेलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खरा नियम काय हाय?"

मी सांगितला.

"वरच्या वयाची अट?"

"नाही."

"शंभराव्या वर्षी बी भेटन?"

"डॉक्टरांनी दाखला दिला तर."

"आन् आता किती दिवस राह्यले?"

"नऊ."

त्यांनी बोटांवर नऊ मोजले.

"काळजी होती त मले म्हणायचं होतं, बाबा नका चालवू," ते म्हणाले. "मी भांडलो असतो तुह्याशी. दोन दिवस बोललो नसतो. कदाचित ऐकलंही असतं. मले भांडू त द्यायचं होतं ना बे. तू त सरकारलेच उभं केलं माह्यापुढं. सरकारशी मी कसा भांडणार होतो?"



दुसऱ्या दिवशी आम्ही बुलढाण्याला गेलो. मुदत संपलेल्या लायसनवर बाबा स्कूटरला हात लावायला तयार नव्हते आणि माझ्या मागे बसायलाही तयार नव्हते, म्हणून एसटीने. ते पुढच्या सीटवर, मी तीन सीटा मागे. कंडक्टरने विचारलं, "सोबत आहात का?" बाबा म्हणाले, "गाव एक हाय."

दाखल्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. माझ्याही लायसनची मुदत दोन महिन्यांवर आली होती, म्हटलं एकाच खेपेत दोघांचं होईल. बाबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेले. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळही वाचली, शिवाय तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मग माझी पाळी. मला शेवटून तिसऱ्या ओळीत मुंग्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्ही आधी चष्म्याचा नंबर बदला, मग या."

बाबा आदल्या रात्रीपासून माझ्याशी बोलत नव्हते. ते डॉक्टरांशीच बोलले.

"याले गाडी नका चालवू देऊ बाप्पा. पन्नाशी आली त्याची. उगा शेळीबिळी आली पुढं त काय करन?"

डॉक्टर हसले, मी हसलो. बाबा हसले नाहीत, पण मला वाटतं त्यांना हसायला आवडलं असतं.

अर्ज मी तिथेच बसून भरला. साइट चालली, ओटीपी आला, सगळं पंधरा मिनिटांत झालं. मी त्यांच्याकडे न पाहता बटणं दाबत होतो. मग कचेरीत कागद दिले, फोटो झाला. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, कार्ड पोस्टाने येईल. बाबांनी त्यांना विचारलं, "ताई, वयाची अट नाई ना कोणती?" त्या म्हणाल्या, "नाही हो काका, कुणी सांगितलं?" बाबांनी पावती खिशात ठेवली. माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

येताना एसटीत मी त्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. घाटात बस वळली तेव्हा म्हणालो, "बाबा, चुकलं माझं."

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मले काय सांगतो? माह्यं लायसन येईन आता. ज्यानं मोपेड जावयाले देऊन टाकली त्याले सांग. ज्याईनं माह्या जबानीवर इस्वास ठेवला त्याईले सांग."

त्या संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. जाण्याआधी वहीच्या पानावर चार ओळी लिहून घेतल्या होत्या. सवय आहे, शाळेत सूत्रसंचालन मीच करतो. "काही वैयक्तिक कारणास्तव माझ्याकडून अनवधानाने" अशी सुरुवात होती. अनवधानाने! वाटेत मी ते पान घडी करून खिशात कोंबलं.

सगळे बसले होते. आबा होते, पोस्टमनकाका होते, बाकीचे तिघे होते. बाबा कोपऱ्यात पेपर उघडून बसले होते आणि वाचत नव्हते.

"आबा," मी म्हणालो, "तो नियम बाबांनी नाही सांगितला. म्हणजे सांगितला त्याईनं, पण बनवला मी. असा कोणता नियमच नाही. तुमचं लायसन चालू हाय. बाबा तुमच्याशी खोटं बोलले नाहीत. मी त्याईच्याशी बोललो."

 पोस्टमनकाकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"म्हणजे माही मोपेड," आबा सावकाश म्हणाले, "तुह्या बापाले तुले घरात बसवाचं होतं म्हणून गेली?"

"हो."

"आता मी जावयाले फोन करून काय सांगू? मोपेड वापस दे? दुनियेत कोण्या सासऱ्यानं जावयाजवळून वापस मांगली का गा वस्तू? पोरगी मले घरात घेईन का?"

"मी जातो लोणारला," मी म्हणालो. "मीच मागतो त्यांना. सगळं सांगतो. तुम्ही काही बोलू नका."

"सगळं म्हणजे? तू बापाशी कसा खोटा बोलला ते बी?"

"ते पहिले सांगतो."

"सांगच. मले बी यायचं हाय ऐकायले," आबा म्हणाले आणि पोस्टमनकाका खो खो हसले. मग आणखी दोघे हसले. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "हसू नका बे. वरीसभर भारा डोक्यावर वाह्यला मी." आणि हसणं थांबलं.

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले, मग पुन्हा पुढे केले.

मला वाटलं होतं इतकं झालं की झालं. पण कोपऱ्यात पेपर तसाच उघडा होता आणि त्यामागे बाबा. एसटीत मी त्यांना चुकलं म्हणालो होतो, पण बस वळत होती आणि मी खिडकीकडे बघत होतो. घरी सांगितलं तेव्हा काळजीच मध्ये घातली होती. म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पेपर खाली येईपर्यंत उभा राहिलो. तोंडात पुन्हा काळजी हा शब्द आला होता, तो गिळला.

"बाबा," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमच्याशी भांडाची हिंमत नव्हती म्हणून बोललो. तुम्ही कायद्याले मानता हे मले मालूम होतं, म्हणून त्याचंच नाव घेतलं. तुमचं एक वरीस गेलं, तुमचे फोन गेले, चार माणसाईत तुमची जबान गेली. मले माफ करा."